वजीरची न्याहारी

विचुंब्याच्या कमळाकर भोईराकडे शर्यतीचा बैल येणार, ही बातमी बैलाच्या आधी गावात पोचली. टेम्पो अजून हायवेवरच होता, तोवर निम्मं गाव त्याच्या अंगणात येऊन उभं राहिलं होतं. कमळाकर सारखा रस्त्यापर्यंत जायचा आणि परत यायचा. पंचावन्नचा माणूस, न्हावा शेव्याच्या एका कंटेनर यार्डात सुपरवायझर, एका हाकेला ट्रेलरवाले ब्रेक मारतात असा दरारा. पण त्या दिवशी कुणी परक्यानं पाहिलं असतं तर घरात ह्याचंच लग्न आहे असं वाटलं असतं.

वजीर टेम्पोतून उतरला आणि अंगणातली कुजबुज थांबली. पांढराशुभ्र, मानेला भरलेला, पाय असे की उभा असतानाही पळतोय असं वाटावं. घाटावरचं जनावर. कुणीतरी नारळ फोडला, रंभानं म्हणजे कमळाकरच्या बायकोनं पायावर पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. कमळाकरनं बैलाच्या पाठीवर हात ठेवला तो उचललाच नाही.

त्याला कारण होतं. कमळाकरच्या बापाचे बैल पनवेल-उरण पट्ट्यात नावाजलेले. कमळाकर मिसरूड फुटायच्या आधी शर्यतीच्या हलक्या गाडीवर, छकड्यावर उभा राहिलेला. मग शर्यतींवर बंदी आली, ती काही केल्या उठेना. दरम्यान शेतावर बिल्डिंगा उभ्या राहिल्या, घराचा बंगला झाला. गोठा तेवढा त्यानं मोडू दिला नाही. मुलगा भावेश तिथं गाडी लावायला टपलेला होता, पण कमळाकरनं त्या गोठ्यात राजा नावाचा म्हातारा बैल शेवटपर्यंत सांभाळला. बंदी उठली तेव्हा राजाला उठवत नव्हतं. तो गेल्या पावसाळ्यात गेला, आणि कमळाकरनं ठरवलं की आता थांबायचं नाही. एकदा तरी आपला बैल पळताना बघायचा.

आता ह्या घरची सकाळ सांगायला हवी, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. बाकी घरांत सकाळी एक न्याहारी होते. भोईरांकडे माणसागणिक एक. भावेश न्हावा शेव्याच्या ऑफिसला पळता पळता आमलेट-पाव कोंबायचा. मुलगी कीर्ती जिमला जायची, ती रात्रीच दुधात ओट्स भिजवून ठेवायची आणि सकाळी तो गारढोण लगदा चवीनं खायची. रंभा त्याला वासराचं खाणं म्हणायची. रंभा स्वतः रात्रीची भाकर चहात बुडवून खायची, आणि ती भाकर शिळीच पाहिजे, ताजी दिली तर तिचं तोंड वाकडं व्हायचं. सून हेतल जुन्या पनवेलातल्या गुजराती कापडवाल्यांची मुलगी, भावेशनं पसंत करून आणलेली, मासळीला हात न लावणारी. तिला सकाळी भूकच नसायची. ती नुसता चहा घ्यायची.

आणि कमळाकर. त्याला तांदळाची गरम भाकर आणि तव्यावर भाजलेली सुकट लागायची. सुकट म्हणजे खारवून वाळवलेली बारीक कोळंबी. ती तव्यावर पडली की वास वरच्या मजल्यापर्यंत जायचा, आणि कमळाकर तेवढ्यावर उठून बसायचा. वर कच्चा कांदा, हिरवी मिरची, लिंबू. लग्नाच्या दिवशी खाल्लेली, बाप गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीही खाल्लेली. एकदा घाटावर कुणाकडे पाहुणा गेला तर खिशात पुडी बांधून घेऊन गेला होता. त्या माणसाला सुकटीवाचून उजाडत नसे, दुसरं काय सांगायचं?

ही थाळी तो घरात खायचा नाही. ती घेऊन गोठ्यात जायचा आणि बैलाच्या समोर उलट्या क्रेटवर बसून खायचा. स्वतःचं झालं की तिथेच कणकेत गूळ, तूप, दूध घालून खुराकाचे गोळे वळायचा आणि बैलाला भरवायचा. बापाची शिकवण होती, खुराक मालकाच्याच हातचा. बाकी कुणी त्याला बोट लावायचं नाही. वैरण कुणीही टाकावी, खुराक नाही. आणि हात धुवायची पद्धत नव्हती. राजाला त्या हाताची खारट चव एवढी आवडायची की गोळा खाऊन झाल्यावर तो कमळाकरचा हात कोपरापर्यंत चाटून काढायचा. कमळाकर म्हणायचा, आम्ही दोघं एकाच ताटातले.

वजीरसमोरही तो पहिल्या सकाळी असाच बसला. दोन भाकऱ्या, सुकट, कांदा. रजा टाकलेली होती, घाई नव्हती. मन लावून खुराक वळला आणि पहिला गोळा बैलाच्या तोंडाशी धरला. वजीरनं हुंगलं, मान फिरवली आणि भिंतीकडे बघत उभा राहिला.

नवी जागा आहे, लाजतोय, असं कमळाकर म्हणाला. दुसऱ्या सकाळी तूप वाढवलं. वजीरनं मान फिरवली. तिसऱ्या सकाळी बदाम घातले, खजूर घातला, एवढा मेवा घरच्या पोरांना दिवाळीत मिळाला नव्हता. वजीरनं ह्या वेळी नुसती मान फिरवली नाही, तोंडातून फुर्र करून गोळा उडवला. दुपारी वैरण टाकली की मात्र बेटा मजेत खायचा.

खुराकाशिवाय बैल पळणार कशावर? जनावरांचा डॉक्टर आणला. त्यानं दात बघितले, पोटाला नळी लावली आणि बैल ठणठणीत असल्याचं सांगितलं. गावातल्या जाणत्यांनी एकेक येऊन एकेक इलाज सांगितला. रंभानं मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली. कीर्तीनं गंभीर चेहऱ्यानं ओट्स सुचवले आणि बापाचा चेहरा बघून घरात पळाली.

बुधवारी काशिराम आला. हा रंभाचा भाऊ, उरणकडचा, कमळाकरचा छकड्यावरचा जुना जोडीदार. त्याच्याकडे पाखऱ्या नावाचा बैल होता, आणि रविवारच्या शर्यतीत पाखऱ्याच्या बाजूला वजीर जुंपायचा असं दोघांचं ठरलेलं होतं. शर्यत उरणच्या वाटेवर एका गावच्या माळावर होती. दोनच छकडे, समोरासमोर. पलीकडची जोडी ह्या मोसमात कुणाला हरली नव्हती. काशिरामनं वजीरला फिरून पाहिलं, मांडीवर थाप मारली, खूष झाला. मग त्याला खुराकाची गोष्ट कळली आणि तो क्रेटवर बसला.

"भावोजी, रागवू नका," तो म्हणाला. "उपाशी बैल मधीच बसला तर माझा पाखऱ्या त्याच्यावर जाल. दोगांच्या तंगऱ्या मोरतील. आनि माझा पोर मितेश छकऱ्यावर असल."

"खाल तो. रविवारपरत खाल."

"मंग आसा करू. रविवारी सकाली मी येतंय. माझ्या डोल्यांसमोर त्यानं तुमच्या हातचा खुराक खाल्ला तर जोडी जमली. नाय खाल्ला तर मना दुसऱ्यानं इचारलाय."

"माझ्याच हातचा कशाला? कोनाच्या पन हातचा खाल्ला तरी पोटातच जातंय."

"जो बैल मालकाच्या हातचा खात नाय तो गर्दीत मालकाचा आयकनार नाय. तुमचाच बा सांगायचा ना?"

ते कमळाकरच्या बापाचंच वाक्य होतं.

गुरुवारी सकाळी त्यानं नेमाप्रमाणे सुकट-भाकर खाल्ली, गोळे वळले, वजीरनं मान फिरवली. गोळ्यांची परात तशीच ठेवून तो पुढच्या अंगणात गेला आणि बैल विकणाऱ्या घाटावरच्या दलालाला फोन लावला. दलाल म्हणाला, तो काय, काहीही खातो हो. ह्यावर कमळाकरनं त्याला जे सुनावलं ते इथं लिहिण्याजोगं नाही. फोन खिशात टाकून तो मागच्या बाजूनं गोठ्याकडे आला आणि जागीच थांबला.

गोठ्याच्या मागच्या ओट्यावर हेतल बसली होती. मांडीवर स्टीलचा डबा, बाजूला पाण्याची बाटली. आणि वजीर दावं ताणून, अर्ध्या भिंतीवरून मान बाहेर काढून, तिच्या हातातलं काहीतरी खात होता. खात काय होता, चाटून पुसून घेत होता.

"काय देतंस त्याला?" कमळाकरचा आवाज त्याला नको होता तेवढा मोठा निघाला.

हेतल दचकून उभी राहिली. "सॉरी पप्पा. मी मुद्दाम नाही दिलं. त्यानेच डब्यात तोंड घातलं."

"डब्यात काय हाय?"

"मेथीचे थेपले."

"आजून हाय?"

तिनं डबा पुढे केला. कमळाकरनं हातानंच खूण केली, तूच दे. तिनं दिला. वजीरनं तो गिळला आणि आणखी मागितल्यासारखी मान हलवली. कमळाकर धावत जाऊन खुराकाची परात घेऊन आला आणि बापाची शिकवण बाजूला ठेवून म्हणाला, "ह्यातला दे बरं." हेतलनं भीत भीत एक गोळा उचलला. त्या गोळ्याला वजीरनं नुसतं नाक लावलं आणि सोडला. तिनं परातीच्या तळाशी उरलेली कोरडी कणीक घेतली, बाटलीतल्या पाण्यानं स्वतः मळली, गुळाचा खडा घातला आणि पुढे केली. वजीरनं ती एका घासात घेतली. मग दुसरा गोळा, मग तिसरा. कमळाकर वेड्यासारखा बघत राहिला. मग त्यानं तिच्याच हातचा एक गोळा घेतला आणि स्वतः बैलाच्या तोंडाशी धरला. वजीरनं मान फिरवली.

एवढा अपमान कमळाकरचा यार्डात मोठ्या साहेबांनीही केला नव्हता.

"माझ्यात काय वाईट हाय रं?" तो बैलाला म्हणाला.

हेतल हळूच बोलली. "पप्पा, हात हुंगून बघा."

त्यानं हुंगला. "काय नाय. हाताचा वास येतंय."

"सुकटीचा येतो. तुम्हाला नाही कळणार, तुम्हाला तो वासच वाटत नाही. तो घाटावरचा आहे ना, त्यानं कधी बघितली पण नसेल."

कमळाकरनं हात पुन्हा नाकाशी नेला. तिचं खरं होतं, त्याला कसला वास येतच नव्हता. त्याला ती नुसती सकाळ वाटत होती. राजाला ज्या हाताची गोडी होती तोच हात ह्या जनावराला नकोसा झाला होता, आणि तो वेडा त्या हातानं बदाम कुस्करत बसला होता.

"तुना कसा कललां?" त्यानं विचारलं.

हेतलनं डब्याचं झाकण लावलं. तेव्हा कमळाकरनं नीट पाहिलं. ओट्यावर बसायला गोणपाटाची घडी होती, कोपऱ्यात चटणीची छोटी बरणी, भिंतीच्या खोबणीत खाकऱ्याचं पाकीट. कुणी आज पहिल्यांदा येऊन बसलं तर असा संसार मांडत नाही.

"तू हितं रोज खातंस?"

"रोज नाही." मग ती जमिनीकडे बघत म्हणाली, "हो, रोज. तुम्ही ड्यूटीला गेलात की."

"मंग सकाली भूक नसतं सांगतंस ता?"

"भूक असते, पप्पा. नवीन आले तेव्हा पहिल्याच दिवशी वासानं मला उलटी होईल असं झालं, म्हणून तसं म्हणाले. मग सगळ्यांना तेच खरं वाटलं. आई माझ्यासाठी वेगळा तवा, वेगळी भांडी, संध्याकाळची भाजी, सगळं करतात. अजून काय सांगणार? आणि तुमची तेवढी एकच आवड."

लग्नाला तीन वर्षं झाली होती. कमळाकर क्रेटवर बसला. बैलानं तीन-चार सकाळी तोंड फिरवलं तर त्यानं डॉक्टर आणला, घाटावर फोन केले, गाव गोळा केलं. पोरीनं तीन वर्षं तोंड फिरवलं, आणि घरातल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही की बाई, तुला भूक का नसते. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. ती लाज कुठं ठेवावी हे न कळून तो उठला आणि घराकडे बघून ओरडला, "रंभे, आजपासून सकालची सुकट बंद."

रंभा हातातली भाकर घेऊनच बाहेर आली. तिला आधी वाटलं नवऱ्याला चक्कर आली. सगळं ऐकल्यावर तिनं हेतलकडे बघितलं, आणि तिला राग आला तो स्वतःवर की सुनेवर, हे तिचं तिलाच कळेना. "मना सांगायचा ना बाय," एवढंच म्हणून तिनं डोळ्यांना पदर लावला. मग डबा उघडून उरलेला थेपला बघितला आणि म्हणाली, "ह्याच्यान मेथी कमी हाय."

गुरुवारी कमळाकरनं सुकट दुपारच्या जेवणात खाऊन घेतली आणि शुक्रवारी सकाळी नुसता चहा घेऊन, साबणानं तीन वेळा हात घासून गोठ्यात गेला. वजीरनं हात हुंगला आणि जरा विचार केला. मग कमळाकर वाकला, वजीरच्या नाकाला त्याची मिशी लागली आणि सगळं मुसळ केरात गेलं. मिशीत आदल्या दुपारची सुकट होती. रंभा दारात उभी राहून हसत सुटली. "मिशी भादरा आथा," ती म्हणाली. मिशी राहिली, पण तिला शांपू लागला. दुपारची सुकटही बंद झाली. खांद्यावरचा टॉवेल, गोठ्यातली बंडी, डोक्याची टोपी, सगळं हेतलनं भिजत घातलं.

शनिवारी सकाळी कमळाकर आयुष्यात पहिल्यांदा स्वयंपाकघरात टेबलाशी न्याहारीला बसला. समोर हेतल. त्यानं खाकरा तोडला आणि चावत चावत म्हणाला, "पोरी, तुझ्या बापानं दुकानातला पुठ्ठा दिला काय गो?" हेतल खळखळून हसली. ती ह्या घरात सकाळी हसल्याचं कुणाला आठवत नव्हतं. भावेश आमलेट-पाव हातात घेऊन दारातच थबकला आणि आपण हे कुठं खावं ते त्याला कळेना. शेवटी तो अंगणात गेला. कमळाकरला मात्र खाकऱ्यानं आधार वाटेना. त्याचं डोकं दुखत होतं, सुकटीची आठवण काढली की तोंडाला पाणी सुटत होतं. आणि एवढं करून वजीरनं त्या सकाळी त्याच्या हातचा एकच गोळा घेतला. दुसऱ्याला मान फिरवली. उरलेले हेतलनं भरवले.

रविवारी उजाडता उजाडता काशिराम मितेशला घेऊन आला. गल्लीत पुन्हा गर्दी, कुणी झाडावर, कुणी कंपाउंडवर. शर्यतीला जायच्या आधी बैल न्याहारी करतो की नाही हे बघायला एवढी माणसं कधी जमली नसतील. काशिराम थेट गोठ्यात शिरायला लागला, तर हेतल आडवी झाली.

"मामा, सकाळी काय खाल्लंत?"

"भाजलेला बोंबील," काशिराम अभिमानानं म्हणाला.

"मग तुम्ही तिकडे, गेटजवळ उभे राहा."

काशिरामला आजवर कुणी असं बाजूला केलं नव्हतं. तो इतका चकित झाला की मुकाट्यानं गेटजवळ जाऊन उभा राहिला. हेतलनं घाईघाईत कणीक मळून दिली. कमळाकर, धुतलेली बंडी, धुतलेली टोपी, शांपूची मिशी, परात घेऊन वजीरसमोर बसला. त्यानं गोळा पुढे धरला. वजीरनं हुंगलं. नाकपुड्या फुलल्या, मिटल्या. तो कमळाकरच्या हातावरून हुंगत मनगटापर्यंत गेला, कोपरापर्यंत गेला, मिशीशी आला. गल्लीत कुणी खोकलंसुद्धा नाही.

मग वजीरनं जीभ काढली आणि गोळा घेतला. दुसरा घेतला. परात रिकामी होईपर्यंत घेत राहिला, आणि शेवटी कमळाकरच्या तळव्यावरून एकदा खरखरीत जीभ फिरवली. कमळाकरच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि त्यानं ते पुसलं नाही. गल्लीत एकच गलका झाला.

"हिला संगती घ्या," काशिराम गेटजवळूनच म्हणाला. "माझा बोंबील परत आरवा यायला नको."

आणि हेतल टेम्पोत बसली, कपडेसुद्धा न बदलता.

माळावर माणसांचा समुद्र होता. तपासणी झाली, डॉक्टरनं पास दिला, काशिरामनं पाखऱ्याला आणि कमळाकरनं वजीरला जुवाखाली आणलं. वजीर गर्दीनं बिचकला, मागे सरला. कमळाकर त्याच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी बोलला आणि बैल शांत झाला. काशिराम ते बघत होता. त्यानं नुसती मान डोलावली.

झेंडा पडला. पुढचं कमळाकरला सलग आठवत नाही. धुळीचा लोट, दोन छकडे, मितेशचं वाकलेलं अंग, पलीकडची जोडी पुढे, चांगली हातभर पुढे. कमळाकर पळत होता, कुठं पळतोय ते त्याला ठाऊक नव्हतं, टोपी कुठं पडली ते कळलं नाही. निम्म्या माळापर्यंत पलीकडचे पुढेच होते. मग वजीरनं मान खाली घातली. पाखऱ्याला त्यानं अक्षरशः ओढून नेलं. छकडे बरोबरीला आले, माणसं बेंबीच्या देठापासून ओरडायला लागली, आणि रेषेवर वजीरचं तोंड आधी गेलं. एवढंसंच, पण आधी. सगळ्यांनी बघितलं.

कमळाकरला लोकांनी खांद्यावर घेतलं. गुलाल नाकातोंडात गेला. काशिराम खालून नाचत होता, मितेश रडत होता, माइकवरून निकाल पुकारला जात होता. इतक्या वर्षांनी भोईरांचं नाव माळावर घुमत होतं. आणि खांद्यावरून कमळाकरला टेम्पोशी उभी असलेली हेतल दिसली. ती दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होती. मग तिनं एक हात टेम्पोच्या फळीवर टेकवला आणि हळूच खाली बसली.

"उतरवा मना," कमळाकर म्हणाला. कुणी ऐकेना, तर त्यानं लाथा झाडल्या.

"काय झाला?" तिच्याजवळ येऊन त्यानं विचारलं.

"काही नाही पप्पा, चक्कर आली जरा. ऊन लागलं असेल."

"सकाली काय खाल्लंस?"

"घाईत राहिलं. तुम्ही जा ना, बक्षीस घ्या आधी. मी बघते नंतर."

कमळाकर वळला, पण स्टेजकडे गेला नाही. तो खाण्याच्या गाड्यांकडे गेला. पहिल्या गाडीवर अंडी, दुसऱ्यावर कोंबडी. तिसऱ्यावर वडे होते, त्याचा जीव भांड्यात पडला. पण बघतो तर त्याच कढईत मांदेली मासे तळून काढत होते. लोक त्याला ओळखून गाडीगाडीवर थांबवत होते, गुलाल लावत होते, फुकट प्लेट पुढे करत होते. एकानं तर खास भाजलेल्या सुकटीचा द्रोण हातात दिला. वास त्याच्या टाळूला गेला. त्यानं तो तसाच परत केला. "सुकट नको, अंडां नको, मासली नको," तो सगळ्यांना विचारत फिरत होता, "दुसरा काय हाय?" मागून माइक ओरडत होता: विजेत्या बैलाचे मालक कमळाकर भोईर यांनी स्टेजवर यावं.

माळाच्या टोकाला एक म्हातारी टोपलीत उकडलेली रताळी घेऊन बसली होती. कमळाकरच्या हातांना गुलाल होता, म्हणून त्यानं तिलाच ती कागदात बांधायला लावली आणि पुडी दोन बोटांनी कडेला धरून परत आला. हेतलनं कागद सोडला. एक रताळं सोललं, अर्धं मोडून त्याच्या हातावर ठेवलं. तो टेम्पोच्या फळीवर तिच्या शेजारी बसला.

काशिराम धापा टाकत आला. "भावोजी, चला की. कवाधरना पुकारतान. सगली खोलंबल्यान."

"थांबाला सांग त्यांना," कमळाकर म्हणाला. "आमची न्यारी चालू हाय."